पारिभोगिक चैत्य आणि महानगरपालिकेची वारसा यादी

११ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानाने नागपुरात आले. त्यांच्यासमवेत माईसाहेब आणि नानकचंद रत्तू होते. त्यांचा मुक्काम सीताबर्डीवरील श्याम हॉटेलात होता. १३ तारखेच्या सायंकाळी तेथेच त्यांनी पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरे दिली आणि १४ तारखेच्या सकाळी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, तेथूनच ते दीक्षा समारंभाच्या मैदानाकडे निघाले. पुढचा इतिहास आमच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. दीक्षाभूमीचे नाव घराघरांत पोचले आहे. तथापि त्या भूमीकडे जाण्यापूर्वीच्या तीन रात्री बाबासाहेबांनी ज्या छताखाली काढल्या, त्या वास्तूविषयी आपल्यापैकी कितीजणांना चरित्रग्रंथातील एका ओळीपलीकडे काही सांगता येईल?

अशा वास्तूंचे रक्षण कोणत्या मार्गाने करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. भव्य स्मारकाची मागणी करणे हा मार्ग आपल्या परिचयाचा आहे. त्याहून साधा, कमी खर्चाचा, परंतु आपल्या समाजाकडून फारसा न वापरला गेलेला दुसरा मार्ग म्हणजे महानगरपालिकेच्या वारसा यादीत त्या वास्तूची नोंद करवून घेणे. तो समजून घेण्यापूर्वी पालि साहित्यातील एक भेद ध्यानी घेणे उपयुक्त ठरेल.

तीन प्रकारची चैत्ये

कालिंगबोधि जातकाच्या निदानकथेत एक प्रसंग आहे. तथागत चारिकेसाठी बाहेर गेले असता श्रावस्तीचे लोक फुले घेऊन जेतवनात येत. वंदन करण्यासारखे दुसरे काही नसल्याने ती फुले गंधकुटीच्या दारी ठेवून ते परत जात. ही अडचण अनाथपिंडिकाने आनंदाच्या कानी घातली आणि आनंदाने तथागतांना विचारले की, चैत्ये किती प्रकारची असतात? उत्तरात तीन प्रकार सांगितले आहेत. शरीरधातूंवर उभारलेले ते शारीरिक. तथागतांनी स्वतः वापरलेले ते पारिभोगिक. आणि त्यांना उद्देशून मागाहून निर्माण केलेले ते उद्देशिक. यांपैकी उद्देशिक चैत्याला तेथे ‘अवत्थुक’ म्हटले आहे. ‘वत्थु’ या पालि शब्दात वस्तू आणि वास्तू हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. ज्याच्या मागे प्रत्यक्ष वत्थु नाही, जे केवळ मनाच्या आधारावर उभे आहे, ते अवत्थुक होय. अखेरीस जेतवनाच्या दाराशी बोधिवृक्षाचे रोप लावण्यात आले. कारण बोधिवृक्ष पारिभोगिक आहे.

हा भेद आपल्या स्मृतिस्थळांना लावून पाहावा. दादरची चैत्यभूमी शारीरिक आहे. नागपूरजवळ चिचोली येथील शांतिवनात जतन केलेले बाबासाहेबांचे कपडे व टंकलेखन यंत्र पारिभोगिक आहेत. चौकाचौकांतील पुतळे उद्देशिक आहेत. परळच्या बी.आय.टी. चाळीतील ५० व ५१ क्रमांकाच्या खोल्या, दादर हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ आणि सीताबर्डीवरील तो मुक्काम ही सर्व पारिभोगिक चैत्ये होत. पुतळा भंगला तर दुसरा घडविता येतो. पारिभोगिक वास्तू एकदा नाहीशी झाली की तिच्या जागी जे उभे राहते ते, कितीही सुंदर असले तरी, उद्देशिकच असते.

दिल्लीचे २६, अलीपूर रोड हे याचे ठळक उदाहरण आहे. याच घरी बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे काम पुरे केले आणि येथेच ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. नंतर ही जागा खासगी मालकीत राहिली. २००३ साली ती राष्ट्राला अर्पण झाली आणि १३ एप्रिल २०१८ रोजी तेथे राज्यघटनेच्या उघडलेल्या ग्रंथाच्या आकाराचे भव्य स्मारक खुले झाले. स्मारक आहे, ज्या भिंतींनी ती शेवटची रात्र पाहिली त्या भिंती मात्र नाहीत.

येथे एक शंका संभवते. विटा-मातीचे हे जतन म्हणजे पुन्हा व्यक्तिपूजा नव्हे काय? आमच्या मते नव्हे. महापरिनिब्बान सुत्तात जन्म, संबोधी, धम्मचक्रप्रवर्तन आणि परिनिर्वाण यांची चार स्थळे संवेग उत्पन्न करणारी म्हणून सांगितली आहेत. संवेग म्हणजे मनाला लागलेला धक्का, कर्तव्याची झालेली जाणीव. नवसाचा त्याच्याशी संबंध नाही. शिवाय वास्तू हा पुरावा असतो, आणि ज्यांचा इतिहास शतकानुशतके नाकारला गेला त्यांनी पुराव्याविषयी उदासीन राहणे परवडणारे नाही.

नोंद झालेले स्थळ आणि न झालेले स्थळ

सम्राट अशोकाने आपल्या राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी लुंबिनीस भेट दिली आणि तेथे शिलास्तंभ उभारला. शाक्यमुनी बुद्ध येथे जन्मले, ही नोंद त्यावर कोरली. त्याच लेखात पुढे लुंबिनी गावाला धार्मिक करातून मुक्त केल्याचे आणि जमिनीच्या उत्पन्नाचा आठवा भागच आकारावा असे ठरविल्याचे नमूद आहे. पुढे हे स्थळ विस्मृतीत गेले. परंतु १८९६ साली स्तंभलेख उजेडात आला तेव्हा जन्मस्थळाचा वाद मिटला.

याउलट कपिलवस्तूची गोष्ट पाहा. तिलौराकोट की पिप्रहवा, हा वाद विद्वानांत अजून चालू आहे, कारण तेथे असा निःसंदिग्ध स्तंभलेख मिळालेला नाही. दोन्ही स्थळे परस्परांपासून फार दूर नाहीत. एकाची जागेवर नोंद झाली, दुसऱ्याची झाली नाही, एवढाच काय तो फरक.

अशोकाच्या कृतीत दोन अंगे आहेत. त्याने स्थळाची सार्वजनिक नोंद केली आणि ज्या गावाने ते स्थळ सांभाळायचे त्याचा भार हलका केला. आजची वारसा नियमावली याच दोन अंगांवर उभी आहे.

कायद्यातील तरतूद

केंद्रीय पुरातत्त्व कायदा १९५८ चा आहे. त्यानुसार संरक्षण मिळण्यासाठी वास्तू किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. त्यामुळे विसाव्या शतकातील आपली बहुतेक घरे त्याच्या कक्षेत सहजासहजी येत नाहीत. ही उणीव नगरनियोजनाचा कायदा भरून काढतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘वारसा इमारत’ व ‘वारसा परिसर’ यांच्या व्याख्या आहेत. त्यांतील निकष चार आहेत : वास्तुशिल्पीय, सौंदर्यविषयक, ऐतिहासिक किंवा सांस्कृतिक मूल्य. ‘किंवा’ हा शब्द येथे फार महत्त्वाचा आहे. ज्या घराला कमानी नाहीत, कोरीव सज्जे नाहीत, जे साध्या चाळीतील दोन खोल्यांचे आहे, तेही केवळ ऐतिहासिक मूल्यामुळे यादीत येऊ शकते. वारसा म्हणजे राजवाडे आणि इंग्रजी अमदानीतील कचेऱ्या, हा समज कायद्याने दिलेला नाही.

या तरतुदीनुसार मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली लागू झाली. भारतातील शहरांत ती पहिली मानली जाते. पुढे राज्यातील इतर शहरांनीही तीच पद्धत अंगीकारली आणि २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा जतनाच्या तरतुदी आहेत. नागपूर महानगरपालिकेची स्वतंत्र वारसा यादी व वारसा संवर्धन समिती आहे. सीताबर्डीलगतचा झिरो माइलचा स्तंभ आणि कस्तुरचंद पार्क ही या यादीतील पहिल्या श्रेणीची स्थळे होत. म्हणजे ज्या रस्त्यांवरून आपण नेहमी जातो, तेथेच हा कायदा काम करीत आहे.

यादीत तीन श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय अथवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात. थोर ऐतिहासिक घटना, व्यक्ती, चळवळ किंवा संस्था यांच्याशी असलेला संबंध हाही या श्रेणीचा एक आधार आहे. दुसरी श्रेणी प्रादेशिक वा स्थानिक महत्त्वाच्या वास्तूंची, आणि तिसरी नगराच्या रूपाला शोभा व ओळख देणाऱ्या वास्तूंची. पहिल्या श्रेणीत अत्यावश्यक दुरुस्तीखेरीज आत-बाहेर फेरफार करू दिला जात नाही. दुसऱ्या श्रेणीत अंतर्गत बदलांना आणि नव्या वापराला काही मोकळीक असते. तिसऱ्या श्रेणीत ती अधिक असते. धम्मदीक्षेचा प्रसंग ही ऐतिहासिक घटना नव्हे, असे कोणती समिती म्हणू शकेल?

नोंदीने काय होते, काय होत नाही

नोंद झाली म्हणजे मालकी बदलत नाही. घर मालकाचेच राहते. त्याला ते विकता येते, त्यात राहता येते. मात्र इमारत पाडणे किंवा तिचे रूप पालटणे यासाठी आयुक्तांची परवानगी लागते आणि महत्त्वाच्या प्रकरणी आयुक्त वारसा समितीचा सल्ला घेतात. थोडक्यात, रात्रीतून इमारत भुईसपाट करण्याचा मार्ग कायद्याने बंद होतो. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन व तेथील बुद्धभूषण छापखाना पाडला गेला आणि नंतर मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. मोर्चाने समाजाचा संताप जगाला दिसला. छापखान्याच्या भिंती परत आल्या नाहीत. यादीतील नोंद पाडापाडीच्या आधी बोलते, हाच तिचा खरा उपयोग.

मालकाचे नुकसान होत असेल तर हस्तांतरणीय विकास हक्क, ज्याला बोलीत टीडीआर म्हणतात, देण्याची तरतूद नियमांत आहे. जागेवर जे बांधता येत नाही, तेवढे बांधकाम अन्यत्र करण्याचा अथवा तो हक्क विकण्याचा हा अधिकार होय. सीताबर्डीसारख्या बाजारपेठेत, जेथे जमिनीचा भाव आधीच मोठा होता आणि २०१९ पासून मेट्रोही धावू लागली, तेथे मालकाला केवळ त्यागाचा उपदेश करून भागणार नाही. अशोकानेही लुंबिनीच्या गावकऱ्यांना नुसता उपदेश केला नाही.

नोंदीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. समितीचे काम सल्ल्याचे आहे. नोंदीमुळे गळके छप्पर आपोआप दुरुस्त होत नाही, आणि उपेक्षेने मोडकळीस आलेली इमारत पुढे धोकादायक ठरविली जाण्याची भीती राहते. शिवाय घराचे जतन आणि घराचा वापर हे दोन निराळे प्रश्न आहेत. लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हे घर, जेथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले, महाराष्ट्र शासनाने २०१५ साली खरेदी केले. तरीही राहत्या घराचे संग्रहालय करण्यास कॅम्डेन येथील स्थानिक परिषदेने परवानगी नाकारली. प्रकरण अपिलात गेले, चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी परवानगी दिली. मालकी हाती असूनही वापराच्या परवान्यासाठी झगडावे लागले, हा धडा आपण आधीच शिकून ठेवावा.

प्रस्ताव कसा करावा

वारसा समितीकडे प्रस्ताव कोणताही नागरिक किंवा संस्था देऊ शकते. पुढे मालकाला सूचना, जाहीर हरकती व सूचना, त्यांवर विचार आणि अखेरीस राज्य शासनाची मान्यता, असा क्रम असतो. प्रस्तावाची बाजू भक्कम होते ती कागदांमुळे. चरित्रग्रंथात हॉटेलचे नाव सापडते. नगर भूमापन क्रमांक सापडत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे मिळकत पत्रिका व महानगरपालिकेच्या कर आकारणीच्या जुन्या नोंदी मिळविणे आणि जागेच्या चतुःसीमा निश्चित करणे. इमारत उभी असो वा तेथे दुसरी झालेली असो, जागेची ओळख कागदावर पक्की झालीच पाहिजे. त्यानंतर त्या काळातील वर्तमानपत्रे, पत्रव्यवहार व छायाचित्रे गोळा करावीत, वास्तूचे मोजमाप घ्यावे, आजची छायाचित्रे जोडावीत आणि महत्त्व सांगणारे एक पानी टिपण लिहावे.

ज्यांनी १९५६ चे ते दिवस पाहिले त्यांची संख्या आता फार थोडी आहे. त्यांच्या आठवणी नाव, वय व तारीख यांसह लिहून घ्याव्यात. मात्र येथे महापदेशांची शिस्त पाळावी. कोणी कितीही ज्येष्ठ व्यक्ती सांगत असली तरी तिचे वचन न स्वीकारता, न झिडकारता सुत्त व विनयाशी ताडून पाहावे, असे तथागतांनी सांगितले आहे. आपणही आठवण कागदाशी ताडून पाहावी. जे ताडून पटते तेच प्रस्तावात घालावे. एका खोट्या दाव्याने दहा खऱ्या दाव्यांची पत जाते.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात आपल्या विहारांत नियमित ग्रंथवाचन होते. त्या तीन महिन्यांत प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील एक वास्तू निवडावी : बाबासाहेब जेथे उतरले ते घर, समता सैनिक दलाची शाखा जेथे भरत असे ती जागा, किंवा मुलींचे पहिले वसतिगृह. तिची कागदपत्रे, छायाचित्रे व साक्षी एका धारिकेत लावाव्यात, आणि वर्षावास संपताच ती धारिका महानगरपालिकेच्या आवक कक्षात देऊन तिची पोच घ्यावी.