थव्याला आकार देताना

कोऱ्हाळे बुद्रुकच्या शिवारातून जाणाऱ्या नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन बंद झाले की तळातल्या खोलगट जागी पाणी साचून राहते आणि त्यात बोटभर लांबीची मासोळी दाटीने फिरताना दिसते. काठावरच्या माणसाची सावली पाण्यावर पडताच हा थवा फुटतो, दोन्ही अंगांना पांगतो आणि सावली हलली नाही तर थोड्याच वेळात पुन्हा एक होतो; वळताना प्रत्येक माशाची कूस क्षणभर उन्हात चमकते आणि ती चमक थव्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. सगळे मासे एकाच क्षणी वळत नाहीत, शेजारचा वळला म्हणून पुढचा वळतो, हे त्या सरकत्या चमकेवरून कळते. संगणकावर माशांचा थवा रचून त्याला एखाद्या वस्तूचा आकार देण्याच्या कामातली मुख्य अडचण ही चमक साधण्याची आहे. आकार साधणे त्या मानाने सोपे असते.

या कामाचा पाया म्हणजे कणप्रणाली, अर्थात पार्टिकल सिस्टीम. धूर, ठिणग्या, पाऊस अशा ज्या गोष्टींना ठरीव पृष्ठभाग नसतो, त्या हजारो सुट्या बिंदूंनी दाखवायच्या आणि प्रत्येक बिंदूला स्थान, वेग व आयुष्य द्यायचे, अशी ही पद्धत विल्यम रीव्ह्ज यांनी १९८३ साली शोधनिबंधातून मांडली. त्याआधीच्या वर्षी 'स्टार ट्रेक' मालिकेतील दुसऱ्या चित्रपटात ग्रहावर पसरत जाणारी आग याच पद्धतीने दाखवली गेली होती. ठिणगीला मात्र शेजारच्या ठिणगीची दखल घ्यावी लागत नाही; माशाला घ्यावी लागते. ही उणीव क्रेग रेनल्ड्स यांनी १९८७ मध्ये भरून काढली. त्यांनी प्रत्येक कणाला तीनच नियम लावले: शेजाऱ्यांना धडकू नये, शेजाऱ्यांच्या दिशेशी व वेगाशी जुळवून घ्यावे आणि त्यांच्या मध्याकडे सरकावे. थव्याला म्होरक्या नसतो, तरीही या तीन नियमांतून थवा उभा राहतो. त्यांनी अशा कणांना 'बॉइड' हे नाव दिले आणि ब्लेंडर या विनामूल्य प्रणालीत ते आजही त्याच नावाने सापडतात.

आकार देण्यासाठी आणखी एका बळाची भर घालावी लागते. समजा, थव्यातून बैल उभा करायचा आहे. प्रथम बैलाची त्रिमित प्रतिकृती घेऊन तिच्या अंगावर बिंदू विखुरले जातात आणि प्रत्येक माशाला त्यांतला एकेक बिंदू मुक्काम म्हणून नेमून दिला जातो. मग कण आणि मुक्काम यांच्यामध्ये जणू एक अदृश्य स्प्रिंग बांधली जाते. हे बिंदू सारख्या अंतराने विखुरले तर पोटावर आणि पाठीवर माशांची गर्दी होते, शिंगांच्या वाट्याला मात्र मोजके मासे येतात, आणि शिंगे दिसली नाहीत तर पाहणाऱ्याला बैल ओळखूच येत नाही. म्हणून शिंगे, वशिंड, खूर अशा बारीक पण ओळख पटवणाऱ्या जागी बिंदू मुद्दाम दाट पेरावे लागतात आणि कॅमेऱ्याच्या बाजूने दिसणारी बाह्यरेषा वारंवार तपासावी लागते. मुक्कामांचे वाटपही डोळसपणे करावे लागते; दूरचा बिंदू वाट्याला आलेले मासे साऱ्या थव्याला छेदत जातात आणि पडद्यावर गोंधळ माजतो.

खरी कसोटी मासे मुक्कामाला पोहोचल्यावर लागते. माशाचे तोंड सहसा त्याच्या वेगाच्या दिशेला वळवलेले असते, परंतु बिंदूवर पोहोचलेल्या कणाचा वेग शून्याजवळ येतो आणि शून्य वेगाला दिशा नसते. परिणामी चौकटीगणिक, म्हणजे फ्रेमगणिक, तोंडे भलतीकडे फिरतात आणि अख्खा बैल थरथरू लागतो. स्प्रिंगचे अवमंदन, म्हणजे हेलकावे शमवणारा विरोध, वाढवले की थरथर कमी होते, पण मग मासे खिळे ठोकल्यासारखे जागच्या जागी थिजतात आणि थव्याचा पुतळा होतो. यावरचा उत्तम उपाय म्हणजे मुक्कामाचे बिंदूच प्रतिकृतीच्या अंगावरून संथपणे वाहते ठेवणे. मासा मग कधीच थांबत नाही, पाठीवरून खांद्याकडे, खांद्यावरून पायाकडे पोहत राहतो, तरी बैल जागेवर राहतो. त्याच्या जोडीला वळण्याच्या गतीवर मर्यादा घालावी लागते, कारण मासा वळसा घेऊन वळतो, एका जागी गर्रकन फिरत नाही.

मुक्काम आणि शेजारी या दोन सत्तांमधली वाटणी हाच या कलेचा गाभा आहे. मुक्कामाचे बळ एकदम चढवले तर मासे लोखंडाच्या किसाप्रमाणे चुंबकाकडे झेपावतात; ते थव्याच्या एका टोकाकडून क्रमाक्रमाने जागे केले, तर वळण्याची लाट पसरते आणि कालव्यात दिसते तशी चमक पडद्यावर येते. खऱ्या माशाला शेजाऱ्याची चाहूल डोळ्यांनी लागते, तशीच अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या, पाण्याच्या दाबातला फरक टिपणाऱ्या पार्श्वरेषेनेही लागते. कणाला ती चाहूल ठरावीक परिघातले शेजारी मोजून दिली जाते. 'फाइंडिंग नीमो' या २००३ सालच्या चित्रपटातील चंदेरी मासे बाण होतात, गलबत होतात. पण त्या प्रसंगाची गोडी एक आकार मोडून दुसरा होण्याच्या मधल्या क्षणांत आहे, कारण तेवढ्या वेळात ते पुन्हा मासे झालेले असतात.

शेपट्यांचे काम शेवटी येते, पण ते फसले तर आधीची सारी मेहनत वाया जाते. माशाची शेपटी आडवी हलते, देवमाशाची उभी. ही हालचाल शरीरभर धावणाऱ्या लहरीने दाखवतात. सर्वांची लहर एकाच क्षणी सुरू झाली तर थवा कवायत करताना दिसतो, म्हणून प्रत्येक माशाला वेगळा आरंभ दिला जातो आणि वेग वाढेल तसा लहरीचा ठेकाही वाढवला जातो.

संगणकावरचा भार मोठा असतो. १,००० माशांपैकी प्रत्येकाने उरलेल्या सर्वांचे अंतर मोजायचे म्हटले तर एका चौकटीसाठी सुमारे १० लाख मोजण्या होतात आणि १०,००० माशांसाठी त्या सुमारे १० कोटींवर जातात. म्हणून अवकाशाचे चौकोनी कप्पे पाडून लगतच्या कप्प्यांतलेच शेजारी तपासले जातात. शिवाय प्रत्येक चौकट आधीच्या चौकटीवर उभी असल्याने दोनशेव्या चौकटीतला दोष दुरुस्त करायचा तर हिशेब पहिल्या चौकटीपासून पुन्हा करावा लागतो. सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबाने हा दोष जेमतेम आठ सेकंदांनंतरचा असतो.

ब्लेंडरला पैसे पडत नाहीत, त्यामुळे बारामती-इंदापूरकडच्या ज्या मुलामुलींना हे काम शिकायचे आहे, त्यांनी बॉइडचे आकडे बदलण्याआधी दोन-तीन दुपारी कालव्याच्या काठावर काढाव्यात, सावली पाडावी, थवा कुठून फुटतो आणि कोणत्या बाजूने पुन्हा जुळतो हे पाहावे आणि टिपून ठेवावे. आवर्तन बंद झाल्यानंतर ते पाणी फार दिवस टिकत नाही.