लेन्स निर्दोष, पण ती थेंबांची बाटली?

"आई, दहावी झाली की मी चष्मा काढून कॉन्टॅक्ट लेन्स लावणार!"

"काही नको! वर्षानुवर्षं लेन्स लावली की काचबिंदू होतो म्हणे."

मायनस नंबर असलेल्या घरांत हा संवाद कधी ना कधी होतोच. तर दोस्तांनो, यात खरं किती?

आपल्या डोळ्यात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेला, आतल्या बाजूला असलेल्या बारीक जाळीतून बाहेर जात असतो. मोरीची जाळी तुंबली की पाणी साचतं ना, तसंच इथेही होतं. डोळ्यातला दाब वाढतो. साधारणपणे हा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. तो वाढून राहिला की डोळ्यामागून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे धागे मरू लागतात. हाच काचबिंदू. बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेचं दिसणं जातं, आणि गेलेली नजर परत येत नाही.

लेन्स मात्र बसते बुबुळावर, बाहेरून. नेहमीच्या मऊ लेन्समुळे काचबिंदू होतो असं सिद्ध झालेलं नाही. मग ही समजूत आली कुठून? लेन्स वापरणाऱ्यांत मायनस नंबरवाले खूप असतात. मोठा मायनस नंबर म्हणजे लांबट, ताणलेला डोळा, आणि अशा डोळ्यांना काचबिंदूचा धोका मुळातच जास्त. छत्र्या दिसल्या म्हणजे पाऊस छत्र्यांनी आणला, असं थोडंच असतं?

ही मऊ लेन्स १९६१ च्या नाताळात जन्मली, तीही गंमतीदार रीतीने. प्राग शहरात ओटो विख्टर्ले या रसायनशास्त्रज्ञाने मुलांच्या 'मेर्कुर' खेळण्याचे सुटे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून घरीच यंत्र बनवलं! पाणी शोषणारं हे प्लॅस्टिक मऊ असतं खरं, पण बुबुळाला प्राणवायू थेट हवेतून लागतो आणि लेन्स त्याच्या आड येते. म्हणून तासन् तास लेन्स ठेवली, तीच घालून झोपलं किंवा नळाच्या पाण्याने धुतली, की डोळा लाल होतो, जंतूही शिरतात.

खरी गडबड इथून सुरू होते. डोळा लाल झाला की आपण औषधाच्या दुकानात जातो आणि "काहीतरी थेंब द्या हो" म्हणतो. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन अशी नावं असलेले थेंब म्हणजे स्टिरॉइड. लाली झटकन जाते, म्हणून बाटलीमागून बाटली येते. पण हेच औषध ती आतली जाळी तुंबवू शकतं, आणि मुलांच्या डोळ्यांत तर दाब लवकर चढतो. आपल्याकडे ॲलर्जीने डोळे खाजणाऱ्या कितीतरी मुलांनी, लेन्स कधीही न लावता, या थेंबांपायी नजर गमावली आहे. जंतूंची लागण असेल तर ती वेगळीच बळावते. डॉक्टरही हे थेंब देतात, पण मोजके दिवस आणि दाब तपासून.

तेव्हा आईबाबांनो, घरातली बाटली आज एकदा वाचाच. आणि डोळा लाल झाला तर लेन्स काढा, चष्मा लावा, डॉक्टरांकडे चला. आजीला काचबिंदू असेल तर तेही त्यांना सांगा, कारण तो घराण्यातून येऊ शकतो. दाब मोजायच्या आधी लेन्स काढावी लागते, डबी बरोबर असू द्या. एक यंत्र डोळ्यावर फुस्सकन हवा मारतं. पहिल्यांदा सगळेच दचकतात, बरं का!