हातांचं घराणं

नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावात माझ्या आत्याला सगळे ‘मुकी’ म्हणत. आजी मात्र तिच्याशी दिवसभर बोलायची, हातांनी. मिशीला पीळ दिला की आजोबा, मनगटावर दोन बोटं फिरवली की बांगड्यांची हौस असलेली धाकटी काकू, कपाळाला बोट टेकलं की आजी स्वतः. आत्याच्या शाळेचा विषय मात्र घरात कधी निघाला नाही.

आजीच्या त्या खुणांमुळेच लोराँ क्लेरच्या नावाची खूण वाचली तेव्हा मी थबकले. उजव्या गालावरून खाली ओढलेली दोन बोटं. वर्षाचा असताना तो स्वयंपाकघरातल्या विस्तवात पडला. भाजल्याचा तो व्रण हेच त्याचं नाव झालं.

क्लेर स्वतः कर्णबधिर. पॅरिसच्या कर्णबधिरांच्या शाळेत शिकला आणि तिथंच शिक्षक झाला. त्याला अमेरिकेत नेलं टॉमस हॉपकिन्स गॅलोडेट (१७८७–१८५१) यांनी. अँडोव्हरच्या धर्मविद्यालयातून ते १८१४ मध्ये बाहेर पडले. नगरकरांना अँडोव्हर परकं वाटू नये. तिथल्या विद्यार्थ्यांच्या आग्रहातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड हे मिशन निघालं आणि त्याची माणसं १८३१ च्या डिसेंबरात नगरला येऊन राहिली. सावित्रीबाईंनी ज्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले त्या सिंथिया फरार याच मिशनच्या. गॅलोडेट यांची वाट मात्र शेजारच्या अंगणातूनच फुटली.

हार्टफर्डला डॉ. कॉग्सवेल यांची अ‍ॅलिस तापात बहिरी झाली होती. इतर पोरं खेळत होती, ती बाजूला होती. गॅलोडेट यांनी आपली टोपी तिच्यापुढे धरली आणि काडीनं मातीत तीन अक्षरं काढली. टोपी, अक्षरं, पुन्हा टोपी. मग मुलीला उमगलं.

डॉक्टरांनी वर्गणी जमवून १८१५ मध्ये त्यांना विलायतेला धाडलं. तिथं ब्रेडवूड कुटुंबानं बहिऱ्यांना शिकवण्याची विद्या मुठीत झाकून ठेवलेली; गुप्ततेच्या अटीशिवाय दाखवायला तयार नाहीत. पॅरिसनं दारं उघडली. परतीच्या ५२ दिवसांच्या बोटीच्या प्रवासात क्लेरनं गॅलोडेटना खुणा शिकवल्या, गॅलोडेटनी त्याला इंग्रजी. गुरू कोण आणि शिष्य कोण, हे त्या बोटीत रोज बदलत असणार. १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्डला कर्णबधिरांची शाळा उघडली तेव्हा मुलं होती सात.

त्याच वर्षी एकोणीस वर्षांची सोफिया फाउलर शाळेत दाखल झाली. जन्मतः बहिरी, तोवर शाळेचं तोंड न पाहिलेली. १८२१ मध्ये तिचं आणि गॅलोडेट यांचं लग्न झालं. आठ मुलं झाली. मला या घराण्यात सर्वांत मोठी वाटते ती हीच बाई. धाकटा एडवर्ड तिच्या खुणांवर वाढला. १८५७ मध्ये, विशीत, वॉशिंग्टनच्या नव्या शाळेचा तो प्रमुख झाला आणि मुलांची देखभाल आईकडे आली. त्याच संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार लिंकन यांनी १८६४ मध्ये सही करून दिला. आजचं गॅलोडेट विद्यापीठ ते हेच.

त्याच काळात आणखी एका बहिऱ्या आईचा मुलगा उलट बाजूला उभा होता: टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल. त्यांची पत्नीही बहिरी. तरी त्यांचा आग्रह एकच, मुलांनी ओठ वाचावेत आणि तोंडानं बोलावं. १८८० मध्ये मिलानला भरलेल्या, कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या परिषदेनं याच मताचा ठराव केला. दीडशेहून अधिक प्रतिनिधींत कर्णबधिर माणूस एकच होता. ज्यांच्या हातांवर बंदी घालायची, त्यांना विचारायची गरजच वाटली नाही! हे वाचताना आजही संताप येतो.

आपल्याकडे मुंबईत माझगावची कर्णबधिरांची शाळा बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानं निघाली ती १८८५ च्या सुमारास, टी. ए. वॉल्श यांच्या हाताखाली. म्हणजे मिलानचा वारा जोरात असतानाच. पुढे देशभर कित्येक वर्गांत ‘हात खाली’ हाच हुकूम चालला. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा कोश १०,००० शब्दांवर पोचायला २०२१ उजाडलं.

आत्या आता नाही. आजीच्या खुणा घरात अजून तिघांना येतात. परवा दिवाळीच्या फराळाला जमलो, तेव्हा चुलतभावानं बोलता बोलता मिशीला पीळ दिला, आणि आम्ही तिघांनीही आजोबांच्या तसबिरीकडे पाहिलं.