उत्तर नको, उत्तराची खात्री हवी

यूपीएससीच्या सीसॅटमध्ये, बँकांच्या परीक्षांत, जीमॅटमध्ये ‘माहितीची पर्याप्तता’ हा प्रश्नप्रकार भेटतो. एक प्रश्न, खाली दोन विधाने. आपण उत्तर काढायचे नसते. ते ठामपणे काढायला कोणते विधान पुरते, एवढेच सांगायचे असते.

एक उदाहरण घेऊ. अ आणि ब धन पूर्णांक आहेत. (अ + १)/(ब + १) हा अपूर्णांक अ/ब पेक्षा मोठा आहे का?
विधान १: अ > ब.
विधान २: अ = ३.

विधानांकडे वळण्याआधी प्रश्नच सोपा करून घ्यावा. तिरकस गुणाकार करू, म्हणजे प्रत्येकाचा अंश (वरची संख्या) दुसऱ्याच्या छेदाने (खालच्या संख्येने) गुणू. ब × (अ + १) > अ × (ब + १) आहे का? दोन्हीकडचा अ × ब गेला की उरते फक्त: ब > अ आहे का?

विधान १ म्हणते अ > ब. म्हणजे उत्तर ‘नाही’. आता नीट लक्ष द्या, कारण हातातले गुण इथेच जातात: ‘नाही’ आले म्हणून विधान अपुरे ठरत नाही. ठाम ‘नाही’ हेही पूर्ण उत्तरच. पडताळा हवा तर ५/३ घ्या. वर-खाली १ मिळवला की ६/४ होतो, म्हणजे दीड. ५/३ त्याहून मोठाच होता. विधान १ पुरेसे.

विधान २ वाचताना पहिले विधान चक्क हाताने झाका. नाहीतर ‘अ मोठा आहे’ हे डोक्यात राहते आणि नकळत वापरले जाते. अ = ३, ब = ४ असेल तर ३/४ चा ४/५ होतो, अपूर्णांक वाढला. ब = २ असेल तर ३/२ चा ४/३ होतो, घटला. एकदा ‘हो’, एकदा ‘नाही’. विधान २ अपुरे. तेव्हा पर्याय निवडायचा तो ‘फक्त विधान १ पुरेसे’.

वर-खाली सारखीच धन संख्या मिळवली की अपूर्णांक १ कडे सरकतो. म्हणून छेदाधिक (अंशापेक्षा छेद मोठा असलेला) अपूर्णांक वाढतो, अंशाधिक घटतो.

आता ‘धन’ ही अट नसलेला दुसरा प्रश्न पाहू. अ, ब, क, ड पूर्णांक आहेत; ब आणि ड शून्य नाहीत. अ/ब > क/ड आहे का? विधान १: अ × ड > ब × क. विधान २: ब × ड > ०.

पहिले विधान पाहताच ‘झाले की!’ असे वाटते. पण अ = १, ब = −१, क = १, ड = १ घ्या. १ > −१, विधान खरे. अपूर्णांक मात्र −१ आणि १, म्हणजे पहिला लहान. उलट १/२ आणि १/३ घेतले तर ३ > २, आणि पहिला मोठा. ऋण संख्येने गुणले-भागले की असमतेचे चिन्ह उलटते, आणि छेदांची चिन्हे आपल्याला ठाऊकच नाहीत. दुसरे विधान एकटे अंशांबद्दल काहीच सांगत नाही. दोन्ही एकत्र घेतली की ब × ड धन आहे हे कळते, त्याने निर्धास्त भागता येते आणि अ/ब > क/ड मिळते. इथे दोन्ही विधाने मिळूनच पुरेशी.