चार अधिक तीन

पहाटे ४.३०. दहिवलीत अजून अंधार. डबा पिशवीत टाकून उल्हासवरचा पूल ओलांडायचा, कर्जत स्टेशन गाठायचं. गाडी इथूनच सुटते, म्हणून खिडकी मिळते. दादरला उतरून स्लो गाडीने परळ, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये.

८.००. रात्रभर यंत्रात अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेल्या मेणातून गेलेले तुकडे बाहेर निघतात. प्रोस्टेटची बायोप्सी म्हणजे बहुधा बारा तुकडे, शेवयांएवढे. मेणात निजवताना सगळी शेवई एका पातळीत हवी. एक टोक वर राहिलं तर ते चकतीत येईपर्यंत बाकीचं कापून संपतं.

९.३०. मायक्रोटोम. ब्लॉक बर्फावर गार करायचा, तीन-चार मायक्रॉनची चकती काढायची, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायची. इथे हात जपून. जास्त छिललं तर इवलीशी गाठ कचऱ्यात जाते आणि तपासायला काही उरतच नाही.

११.३०. गुलाबी-जांभळ्या स्लाइड्स पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या टेबलावर. कर्करोगाचा ग्रेड त्या ठरवतात. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये मांडलेली पद्धत थोड्याफार दुरुस्त्या होऊन आजही चालते: ग्रंथींची घडी किती विस्कटली, एवढंच बघायचं. रंगापेक्षा रचनेवर भरवसा ठेवणारी ही पद्धत मला आवडते, जरी माझं पोट रंगावर चालतं.

१.००. कुकर. होय, प्रेशर कुकर! नवी पोरं हसतात. फॉर्मलिनने प्रथिनं जखडलेली असतात. सायट्रेटच्या द्रावणात तापवली की अँटिबॉडीला ती सापडतात. आज एका केसमध्ये की-६७ मागितलंय. हे प्रथिन विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींच्या केंद्रकात दिसतं. नाव जर्मनीतल्या कील शहरावरून, ६७ हा प्रयोगाच्या ताटलीतल्या खळग्याचा आकडा. शेजारी टॉन्सिलचा तुकडाही लावतो. तो रंगला नाही तर सगळी मेहनत बाद.

४.००. तपकिरी ठिपके उमटले. टॉन्सिल छान. गाठीत ठिपके विरळ. प्रोस्टेटमध्ये बहुधा तसेच असतात. जास्त असले तर आजार परतण्याची भीती वाढते. पी५३ साचलं तर तेही वाईट लक्षण. पीटेनचं उलटं: तिथे रंग नसणंच बोलतं. पण किती टक्क्यांना घाबरायचं, यावर सगळ्यांचं एकमत नाही. म्हणून रोजच्या रिपोर्टात ग्रेडच पुढे, आणि प्रथिनं मागितली तरच.

८.३०. दहिवली. पायरीवर शेजारचे काका, हातात रिपोर्ट.

"चार अधिक तीन. म्हणजे सात ना रे? माझ्या मेहुण्याचं तीन अधिक चार होतं. तेही सातच."

"बेरीज तीच, काका. पण पहिला आकडा जास्त पसरलेल्या भागाचा. त्यांचा ग्रेड ग्रुप दोन, तुमचा तीन."

"आणि ते पीएसए?"

"ते रक्तातलं. डॉक्टर दोन्ही एकत्र बघतील, स्कॅनही बघतील. मी नुसता काच रंगवणारा माणूस."

काका रिपोर्टाची घडी घालतात, उलगडतात, परत घालतात. परवा परळला बोलावलंय त्यांना.

"स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक पण मागून घ्या. तिथे पुन्हा बघतात."

"ते मेण अजून ठेवलेलं असतं?"

"असतं. परवा माझ्याबरोबरच चला. पावणेपाचला पुलापाशी."

"साडेचारलाच येतो," काका म्हणतात.