प्रादेशिक मानाचा संघ : अमेरिकेतील एक जुनी प्रथा आणि नांदेड-लातूरचे क्रीडाक्षेत्र

क्रीडाक्षेत्रातील मान दोन प्रकारचे असतात. एक मान खेळाडू स्वतः जिंकून घेतो, तर दुसरा त्याला इतरांनी निवड करून द्यावयाचा असतो. पहिल्या प्रकाराचे उत्तम उदाहरण कुस्तीत सापडते. लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यात रामलिंग मुदगड हे गाव आहे. तेथील हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९६९ साली ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब मिळविला आणि पुढील वर्षी एडिंबरो येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक पटकाविले. आखाड्यात प्रतिस्पर्धी चीत झाला की निर्णय लागतो. तो कोणत्या गावचा, कोणत्या महाविद्यालयाचा, हा प्रश्नच उरत नाही. सांघिक खेळाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे संघ जिंकतो वा हरतो; पण त्या संघातील कोण श्रेष्ठ हे पाहणाऱ्याने ठरवावयाचे असते. म्हणून तेथील वैयक्तिक मान हा निवडीचा मान होय, आणि निवड म्हटली की निवडणारा कोण, हा प्रश्न आलाच.

ह्या प्रश्नाचा उगम आणि विकास स्पष्टपणे पाहावयाचा असेल, तर अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा आरंभीचा इतिहास उपयोगी पडतो. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडील पायाने खेळावयाचा फुटबॉल नव्हे. त्यात लांबट चेंडू हाती घेऊन प्रतिपक्षाची फळी भेदीत पुढे जावयाचे असते आणि एका वेळी एका पक्षाचे अकरा खेळाडू मैदानावर असतात. १८८९ साली कॅस्पर व्हिटनी ह्या पत्रकाराने एका नियतकालिकात साऱ्या देशातील सर्वोत्तम अकरा खेळाडूंची यादी छापली. येल विद्यापीठाचे वॉल्टर कँप यांचे नावही ह्या उपक्रमाशी निगडित आहे. हा संघ प्रत्यक्षात कधीच मैदानात उतरावयाचा नव्हता. तो केवळ कागदावरचा, मानाचा संघ होता. त्या अकरा जणांपैकी प्रिन्स्टनचे पाच, येलचे तीन आणि हार्वर्डचे तीन होते. नाव ‘अखिल अमेरिकी’. परंतु सारे खेळाडू ईशान्येकडील तीन विद्यापीठांचे!

यात कोणाचे कपट होते असे मानण्याचे कारण नाही. निवडणाऱ्यांनी जे सामने पाहिले त्यांतूनच त्यांनी निवड केली. दोष होता तो अंतराचा. रेल्वेने दोन-तीन दिवसांच्या वाटेवर असलेल्या मैदानातील खेळ पूर्वेकडील पत्रकाराच्या दृष्टीस पडणे शक्य नव्हते. पुढे कँप स्वतः दरवर्षी अशी यादी प्रसिद्ध करू लागले. त्यांच्या पहिल्या संघात पश्चिमेकडील खेळाडूचा प्रवेश १८९८ साली झाला. तो शिकागो विद्यापीठाचा क्लॅरेन्स हर्शबर्गर होय. दक्षिणेला याहूनही अधिक काळ वाट पाहावी लागली. टेनेसी राज्यातील सिवनी ह्या छोट्या विद्यापीठाच्या संघाने १८९९ च्या नोव्हेंबरात रेल्वेने फिरत सहा दिवसांत पाच सामने खेळले. ते पाचही त्याने जिंकले आणि त्यांत प्रतिपक्षाला एकही गुण मिळू दिला नाही. तरीही दक्षिणेचा पहिला खेळाडू कँप यांच्या पहिल्या संघात आला तो थेट १९१८ साली. ‘बम’ डे या नावाने ओळखला जाणारा हा खेळाडू जॉर्जिया टेक ह्या संस्थेचा होता.

ह्या उपेक्षेवर दक्षिणेने जो उपाय शोधला तोच प्रादेशिक मानाचा संघ. दक्षिणेतील महाविद्यालयांची क्रीडासंघटना १८९४ साली स्थापन झाली होती. तेथील वृत्तपत्रे आणि प्रशिक्षक मोसमाच्या अखेरीस ‘अखिल दक्षिण’ संघाची आपली यादी प्रसिद्ध करू लागले. नॅशव्हिलचे पत्रकार ग्रँटलंड राइस, व्हँडरबिल्टचे प्रशिक्षक डॅन मॅकगुगिन आणि जॉर्जिया टेकचे प्रशिक्षक जॉन हाइझमन ही अशा निवडकर्त्यांतील ठळक नावे होत. देशाच्या यादीत ज्यांना स्थान नव्हते त्यांची नावे आता आपल्या प्रदेशात तरी छापून येऊ लागली. विद्यार्थी-खेळाडूच्या दृष्टीने हे थोडे नव्हते. छापील नावामुळे त्याची कामगिरी नोंदली गेली आणि मैदानावर हजर नसलेल्यांपर्यंत पोहोचली.

तथापि ह्या उपायाच्या पोटातही मूळ दोष शिल्लकच राहिला. प्रशिक्षकाने निवड केली तर त्याचे स्वतःचे विद्यार्थी त्याच्या डोळ्यांसमोर अधिक; पत्रकाराने केली तर त्याच्या शहराजवळचे सामने त्याला अधिक ठाऊक. निरनिराळ्या याद्या जुळेनात, तेव्हा अनेकांची मते एकत्र करून एकच यादी करण्याची पद्धत निघाली. याहून गंभीर उणीव अशी, की दक्षिणेतील कृष्णवर्णीयांची महाविद्यालये १८९२ पासून आपसांत हा खेळ खेळत होती. पण ‘अखिल दक्षिण’ म्हणविणाऱ्या याद्यांच्या लेखी ती जणू अस्तित्वातच नव्हती. तेव्हा प्रादेशिक मानाचे मोल तीन गोष्टींवर ठरते असे दिसते : प्रदेशाची सीमा कोणी आखली, त्या सीमेच्या आत कोणाला गणले, आणि निवडणाऱ्याची नजर प्रत्यक्षात कोठवर पोहोचली.

भारतात कागदावरच्या संघाची प्रथा फारशी रुजली नाही. येथे प्रादेशिक मान म्हणजे प्रत्यक्ष खेळणाऱ्या संघात स्थान. विद्यापीठांतील क्रिकेटसाठी रोहिंटन बारिया चषक १९३५-३६ पासून सुरू झाला. १९६१-६२ मध्ये देशाच्या पाच विभागांचे संघ दुलीप चषकासाठी खेळू लागले, तर १९६६-६७ पासून विद्यापीठांतील खेळाडूंचे विभागीय संघ विझी चषकासाठी एकमेकांशी लढू लागले. अमेरिकेतही १९२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे पूर्व विरुद्ध पश्चिम असा निवडक महाविद्यालयीन खेळाडूंचा सामना सुरू झाला होता. कागदावरच्या संघापेक्षा खेळणारा संघ एका अर्थी अधिक प्रामाणिक असतो, कारण निवड चुकली तर ती मैदानावर उघडी पडते. पण ज्याची निवडच झाली नाही, त्याच्यावर झालेला अन्याय मात्र कोणत्याही मैदानावर दिसत नाही.

आता वर सांगितलेल्या तीन गोष्टी नांदेड आणि लातूर ह्या भागाला लावून पाहणे उद्बोधक ठरेल. सीमा आखण्याचा परिणाम किती दूरगामी असतो हे मराठवाड्याइतके क्वचितच कोठे दिसेल. हैदराबाद संस्थानात आणि पुढे हैदराबाद राज्यात ह्या भागातील उच्च शिक्षणाचे केंद्र म्हणजे १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये निघाले तेव्हा येथील विद्यार्थी-खेळाडूला मान मिळवावयाचा तो हैदराबाद शहरातील खेळाडूंशी स्पर्धा करूनच. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. क्रिकेटच्या विभागणीत हैदराबाद दक्षिण विभागात, तर महाराष्ट्र पश्चिम विभागात. म्हणजे मैदान तेच, गोदाकाठ तोच, खेळणारी मुलेही त्याच घरांतील. केवळ राज्याची रेषा हलली आणि त्यांचा ‘प्रदेश’ दक्षिणेचा पश्चिम झाला.

सीमा पुन्हा एकदा हलली ती १७ सप्टेंबर १९९४ रोजी. नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेड, लातूर व परभणी हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले; पुढे परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हाही त्यातच राहिला. ह्या घटनेचा विचार बहुधा परीक्षा आणि प्रशासन यांच्या दृष्टीने होतो. परंतु तिचा क्रीडाविषयक अर्थही ध्यानात घ्यावयास हवा. जेथे पूर्वी साऱ्या मराठवाड्यातून कबड्डीचा एकच विद्यापीठ संघ निवडला जाई, तेथे आता दोन संघ निवडले जाऊ लागले. मैदानावर एका पक्षाचे सात खेळाडू असतात. सातांच्या ठिकाणी चौदांना संधी झाली. मान देणारी जागा घराजवळ आली आणि मानाच्या जागाही वाढल्या. अमेरिकेच्या दक्षिणेने जे वृत्तपत्राच्या यादीने साधले, ते येथे विद्यापीठाच्या विभाजनाने साधले असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु गणना आणि नजर ह्या उरलेल्या दोन गोष्टी केवळ रेषा आखल्याने सुधारत नाहीत. नांदेडला मनमाड-हैदराबाद हा मीटर मापी लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभीच लाभला होता. लातूरला १९११ मध्ये रेल्वे आली ती बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची. आज दोन्ही मार्ग रुंद झाले आहेत. तरी देगलूर, किनवट, उदगीर किंवा निलंगा येथील महाविद्यालयाच्या संघाला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी प्रवास करावाच लागतो. ह्या स्पर्धांतून निवड समिती खेळाडू निवडते, त्यांचे प्रशिक्षण शिबिर भरते आणि मग संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेस जातो. ज्याची निवड झाली तो विद्यापीठाचा ‘कलर होल्डर’ ठरतो. मात्र ज्याचा संघ पहिल्याच फेरीत बाद झाला, त्या उत्तम चढाईपटूचा खेळ समितीला किती मिनिटे पाहावयास मिळतो? दुबळ्या संघातील चांगला खेळाडू ही निवडपद्धतीची खरी कसोटी होय. सिवनीच्या संघाने सर्व सामने जिंकूनही त्याचे खेळाडू कँप यांच्या पहिल्या संघात आले नाहीत. मग हरलेल्या संघातील एकट्या खेळाडूची काय कथा!

हा मान केवळ कौतुकाचा राहिलेला नाही, म्हणून ह्या प्रश्नाला आज अधिक महत्त्व आले आहे. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि क्रीडा प्रमाणपत्राला अनेक ठिकाणी मोल आहे. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरातील मुलाच्या वा मुलीच्या बाबतीत संघातील स्थान म्हणजे पुढील वाटेवरील पहिली पायरी ठरू शकते. ती पायरी निवडणाऱ्याच्या दृष्टिक्षेपावर अवलंबून असेल, तर तो दृष्टिक्षेप दूरवर पोहोचविणे हे संस्थेचे कर्तव्य ठरते.

अमेरिकेतील अनुभवातून ह्या बाबतीत काही साध्या गोष्टी निष्पन्न होतात. निवड एकाच्या मतावर न सोपविता वेगवेगळ्या ठिकाणच्या अनेकांकडे द्यावी. स्पर्धेचे यजमानपद एकाच शहराकडे न ठेवता तालुक्याच्या महाविद्यालयांकडे फिरते ठेवावे, म्हणजे खेळाडूला निवडकर्त्याकडे जावे लागण्याऐवजी निवडकर्ता खेळाडूकडे जाईल. प्रत्येक सामन्यातील चढाया, पकडी आणि धावा यांची लेखी नोंद ठेवून ती प्रसिद्ध करावी. कारण नोंद असली की न पाहिलेल्या खेळाचीही दखल घेता येते. आणि निवडलेल्यांच्या यादीबरोबर निवडीचा आधारही जाहीर व्हावा. विद्यापीठ घराजवळ आल्याने नांदेड-लातूरच्या खेळाडूचे अर्धे अंतर तुटले आहे. उरलेले अर्धे अंतर निवड समितीची खुर्ची आणि गावाकडील मैदान यांच्यामधले आहे.