पेटी आणि पट्टी

बारावीचे निकाल लागले की हातखंबा, पाली, निवळी या भागातील आपले पालक मुलींच्या गुणपत्रिका घेऊन आमच्याकडे येतात. आम्ही पडलो कारकून, वाणिज्य शाखेचे पदवीधर. आजाऱ्याच्या उशाशी काय करावे हे आम्हांस फारसे कळत नाही; पण कोणता दाखला कोणत्या टेबलावर मिळतो, अर्जाच्या कोणत्या रकान्यात काय लिहावे, हे कळते. प्रश्न ठरलेला असतो, "दादा, पोरीला नर्सिंगला घालू ना?" आणि ज्या घरात पेटी आहे, मुलगी विहारात बुद्ध-भीमगीते म्हणते, त्या घरचा बाप जाता जाता सांगतो, "आणि ते गाणंबजावणं आता पुरे कर, असं तुम्हीच तिला सांगा. तुमचं ऐकेल ती."

आम्ही तसे सांगत नाही. का सांगत नाही, ते माता-पित्यांसमोर मांडावे म्हणून हा लेख.

प्रथम नर्सिंग. हा एकच कोर्स आहे असे अनेकांना वाटते. तसे नाही. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. पहिल्या दोन्हींना कला शाखेची मुलगीही जाऊ शकते. बी.एस्सी.ला मात्र बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवेच, शिवाय राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. म्हणजे हा निर्णय बारावीनंतर नव्हे, अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशीच घ्यायचा असतो. दरवर्षी दोन-तीन हुशार मुली इथेच चुकामूक होऊन बसतात आणि आम्हांला वाईट वाटते.

आता अभ्यास काय असतो ते पाहा. बी.एस्सी.च्या पहिल्या सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र, इंग्रजी संभाषण आणि शुश्रूषेची मूलतत्त्वे. दुसऱ्या सत्रात जीवरसायन, आहारशास्त्र वगैरे. एका गृहस्थांनी विचारले, नर्सला समाजशास्त्र कशाला? आम्ही म्हटले, रोगी आभाळातून पडत नाही, तो वाडीतून येतो. त्याच्या घरी पाणी कुठून येते, अंडे-दूध परवडते का, बाळंतिणीला विश्रांती मिळते का, हे ज्या परिचारिकेला कळत नाही तिची गोळी निम्मीच लागू पडते. आपल्या मुलींना हा विषय पुस्तकाआधी घरीच शिकून झालेला असतो!

२०२१ सालापासून या अभ्यासाचा हिशेब श्रेयांकांत करतात. हिशेबाच्या माणसाला तो फार आवडला. वर्गातल्या व्याख्यानांचा एक श्रेयांक मिळवायला २० तास लागतात, प्रयोगशाळेत हाताने शिकायचे असेल तर ४० तास आणि प्रत्यक्ष रुग्णालयात ८० तास. आणि प्रात्यक्षिकाची हजेरी पदवी हाती पडण्यापूर्वी शंभर टक्के भरून काढावी लागते. तेव्हा "गौरी-गणपतीच्या सुटीत सगळा गाव येतो, तीही आठ दिवस येईल" असे कोणी धरून चालू नये. विद्या अंगात मुरवायची तर तास मोजावेच लागतात.

हीच गोष्ट संगीताची. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या पश्चात १९३१ साली त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा पायऱ्यांच्या त्यांच्या परीक्षा आजही वर्षातून दोनदा होतात. भूप, दुर्गा, काफी असे राग, तीनतालाच्या सोळा मात्रा, झपतालाच्या दहा. ते लिहून दाखवायचे, हातावर टाळी देऊन बोलायचे आणि गायचेही. नुसते पाठांतर करून प्रात्यक्षिकात कोणी तरत नाही.

या अभ्यासक्रमाचे मोल आमच्या मते आपल्या समाजाला इतरांहून जास्त कळायला हवे. पूर्वी गाणे शिकायचे तर उस्तादाच्या, पंडिताच्या घरात प्रवेश मिळायला हवा. तो कोणाला मिळे आणि कोणाला नाही, हे सांगायची गरज नाही. अभ्यासक्रम छापला गेला, परीक्षेचा फॉर्म निघाला, तेव्हा उंबरठ्याच्या जागी खिडकी आली. खिडकीवर फी भरली की क्रमांक मिळतो.

आणि ज्यांना गाणेबजावणे हलके वाटते त्यांनी आपला इतिहास आठवावा. गावकीत दुसऱ्यांच्या दारी वाजवण्याची सक्ती होती, ती आपल्या वाडवडिलांनी झुगारली. पण त्याच पिढीने ढोलकी फेकून दिली नाही. भीमराव कर्डकांच्या जलशांनी बाबासाहेबांची चळवळ खेड्यापाड्यांत नेली, पुढे वामनदादा कर्डकांनी ती घराघरांत नेली. खुद्द बाबासाहेब व्हायोलिन शिकले होते. शुश्रूषेचेही तसेच. सुइणीचे काम आपल्या आज्यांनी केले. बाळंतपण पार पाडायचे आणि नंतर ओसरीखालीच उभे राहायचे. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता गेल्या. दोन्ही कामे आपल्या हातांना जुनी आहेत, नवीन आहे ते प्रमाणपत्र.

योगायोग असा की ही दोन्ही शिक्षणे एकाच विद्यापीठात मिळतात. आपल्याच जिल्ह्यातील मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली काढलेले महिला विद्यापीठ, म्हणजे आजचे एस.एन.डी.टी. कर्व्यांचे काम सुरुवातीला उच्चवर्णीय विधवांपुरते होते, हे विसरता येत नाही. पण आज त्या विद्यापीठात संगीताचा विभाग आहे आणि १९६४ पासूनचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालयही आहे. जागा आहेत, तर आपल्या लेकींनी घ्याव्यात.

आता बापाच्या त्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ. पेटी बंद केली तर नर्सिंगचा अभ्यास चांगला होईल काय? आम्हांला उलटेच वाटते. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची असते, तीस दाब आणि दोन श्वास अशा आवर्तनात. मिनिटाला १२० म्हणजे तीनतालाचे एक आवर्तन बरोबर आठ सेकंदांत. घाबरलेल्या माणसाचा हात पळतो किंवा मंदावतो. लय अंगात असलेल्या मुलीचा हात बहुधा तसा चळणार नाही. हातखंब्याच्या तिठ्यावर नि उतारावर किती अपघात होतात, ते इथल्या माणसांना सांगायला नको. जखमी रत्नागिरीला पोहोचेपर्यंत १२-१३ किलोमीटर असतात.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा उघडली. त्याच सुमारास निघालेल्या त्यांच्या शुश्रूषेवरील पुस्तकात गोंगाटावर एक सबंध प्रकरण आहे. माणसाचा गळा, फुंकवाद्ये, तंतुवाद्ये यांचा सलग स्वर रोग्याला मानवतो, पियानोचा तुटक स्वर मानवत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. (पेटीचा स्वर सलग असतो, एवढे आमच्या पदरचे.) आजच्या अभ्यासक्रमातही मनोरुग्णांच्या शुश्रूषेचा विषय आहे, करमणूक, चित्रकला, संगीत ही त्यात उपचाराची साधने म्हणून शिकवतात. रत्नागिरीत १८८६ सालापासून मनोरुग्णालय आहे. तिथे कामाला गेलेली मुलगी चार ओळी सुरात म्हणू शकली तर औषधाच्या ट्रेइतकीच तीही उपयोगी पडेल.

शेवटी व्यवहाराचे. "सहा महिन्यांत नर्स" अशा जाहिरातींना भुलू नका. आमच्या माहितीतल्या एका कुटुंबाने गुरे विकून अशा एका ठिकाणी फी भरली. मुलीच्या हाती कागद आला, पण परिचर्या परिषदेत त्यावर नोंदणी होईना आणि नोंदणीवाचून सरकारी नोकरी नाही. म्हणून प्रवेशाआधी संस्थेचे नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आहे की नाही, ते स्वतः पाहावे. जातीचा दाखला, जात पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला ही कामे अकरावीतच सुरू करावीत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा. सरकारी वसतिगृह न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेसाठी समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी.

संगीताच्या परीक्षेला वयाची घाई नाही. नर्सिंगचे पहिले वर्ष जड जाते, त्या वर्षी परीक्षा देऊ नये. पुढे मध्यमा, विशारद सावकाश देता येतात. वसतिगृहात पेटी ठेवू देतात का, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारून घ्यावे. देत नसतील तर मोबाईलमध्ये तानपुरा असतो, तेवढ्यावर पहाटेचा अर्धा तास रियाज होतो.